एका तारखेची तीन माणसं

विद्यानगर, हैदराबाद
११ जानेवारी २०१५

नागोराव,

जय भीम. नऊ वर्षांनी लिहिते आहे, पण मायना शोधत बसले नाही. ‘चिरंजीव’ तुला चालायचं नाही आणि ‘प्रिय’ मला जमायचं नाही.

आजच्या पेपरात तुझा फोटो आहे. केस काळे करायला लागलास. वर मथळा आहे, ‘एक लाख त्र्याऐंशी हजार नकली माणसे संगणकाने पकडली’. खाली तुझं म्हणणं आहे, की नवं राज्य स्वच्छ यादीने सुरू व्हावं म्हणून तुमच्या कंपनीने हा नियम बसवला. बाप एक, जन्मतारीख एक, घर नंबर एक, तर माणूस एक. नाव बघायचं नाही, कारण तेच नाव तेलुगूत एक, उर्दूत दुसरं आणि इंग्रजीत तिसरं होतं. बाई की पुरुष तेही बघायचं नाही, कारण त्या रकान्यात लिहिणाऱ्यांच्या चुका फार. पुण्यात बसून तू इथल्या माणसांची गाळणी केलीस, याचं त्या बातमीदाराला कौतुक वाटलं आहे.

मला प्रश्न पडले आहेत. पकडली म्हणजे काय केलं? एक लाख त्र्याऐंशी हजारांपैकी किती दारं कोणी वाजवून पाहिली? बातमीत नाही. दहा दारं वाजवली असती तरी बातमीत आली असती, म्हणून मी असं धरते की एकही नाही.

मी सदतीस वर्षं पाणी तपासलं. रोज सकाळी पहिली बाटली लावायच्या आधी आम्ही आमची एक बाटली लावायचो. तिच्यात मीठ किती ते आम्हाला माहीत असायचं, कारण आम्हीच घातलेलं असायचं. यंत्राने त्या बाटलीला चुकीचा आकडा दिला तर दिवसभराचं काम बंद. मग वरून कितीही फोन येवोत. ज्याचं उत्तर आधी माहीत आहे असा नमुना लावल्याशिवाय यंत्रावर विश्वास ठेवायचा नाही, हे कॉलेजच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. तू तर एम.एस्सी. आहेस. तुझ्या नियमाला अशी बाटली लावली होती का?

त्याच पानावर तळं स्वच्छ करणाऱ्या पावडरीचीही बातमी आहे. तीन महिन्यांत पाणी पिण्यालायक, मंत्र्यांच्या हस्ते पहिलं पोतं. मी त्यांनाही पत्र लिहिलं आहे. तेव्हा तुझ्यावरच डूख धरला असं समजू नकोस.

कळवायचं कारण एवढंच, की भागूला नोटीस आली आहे. ‘नोंद क्रमांक २ ही नोंद क्रमांक १ ची प्रत असल्याचे आढळून आले.’ नोंद क्रमांक १ म्हणजे मी. भागूचं आरोग्य कार्ड थांबवलं आहे. तिच्या दोन्ही किडन्यांचं तुला घरात मालनकडून कळलं असेलच. मंगळवारी आणि शुक्रवारी तिचं रक्त यंत्रावर धुतात, ते त्या कार्डावर.

मी तुझ्याकडे काही मागत नाही. कळवते आहे.

भागूने तुझ्या गुडघ्याची चौकशी केली आहे. माझी चौकशी तिच्यात धरू नकोस.

विमल


२ फेब्रुवारी २०१५

नागोराव,

तुझं उत्तर नाही. मी वाट पाहत थांबले नाही. भागूला घेऊन अफझलगंजच्या पुढच्या त्या ऑफिसात गेले. जिना चढून दुसरा मजला. भागू प्रत्येक पायरीवर थांबली आणि प्रत्येक पायरीवर म्हणाली, “आक्का, तू जा, मी इथंच मरते, तुझं काम सोपं होईल.”

खिडकीवरच्या बाबूने दोन्ही कार्डं घेतली, पडद्यावर पाहिलं आणि म्हणाला, “अम्मा, ये दोनों एकीच है.”

मी म्हटलं, “समोर दोघी उभ्या आहोत.”

“वो मैं देख रा अम्मा. मगर सिस्टम में एकीच बता रा. मैं क्या करूँ?”

भागूने हाताची पट्टी सोडून सुयांच्या जागा त्याला दाखवल्या. “एकीच है तो सुई इसकू भी चुभना ना? हिला तर कधी डाससुद्धा चावत नाही.” मग मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाली, “आन ही माझी नक्कल? जरा बरी तरी काढायची.” मागची रांग हसली. बाबूपण हसला, पण कार्डं परत केली ती तशीच.

आम्हाला आत पाठवलं. आत तेलुगू बोलणारी एक तरुण साहेबीण होती. नीट बोलली, भागूला खुर्ची दिली. तिने समजावून सांगितलं, की संगणक एक नोंद मूळ धरतो, दुसरी प्रत. मूळ राहते, प्रत जाते. आम्ही सही करून संमती दिली तर भागूची नोंद माझ्यात मिळवून घेता येईल. म्हणजे भागू माझ्या कार्डावर राहील का? नाही. ती राहणारच नाही. मी राहीन.

मी म्हटलं, “मग उलट करा. मी प्रत आहे असं लिहून देते. मला काढा, तिला ठेवा. मला गेल्या अकरा वर्षांत तापसुद्धा आलेला नाही.”

“मॅडम, तुम्ही घरप्रमुख आहात. घरप्रमुखाची नोंद खोडता येत नाही.”

“मग दोघींपैकी जिला गरज नाही ती खोडता येत नाही, आणि जिला गरज आहे ती ठेवता येत नाही.”

ड्रॉवरमधून एक परिपत्रक काढून तिने माझ्यापुढे ठेवलं. ‘नियमास अपवाद करावयाचा झाल्यास कंपनीच्या तांत्रिक सल्लागाराचे लेखी मत आवश्यक.’ खाली सही होती. एन. एन. सोनकांबळे. तुझ्या ‘एस’चं शेपूट अजून तसंच आहे, मास्तरांनी किती पट्ट्या मारल्या तरी.

साहेबिणीने माझं आडनाव परत एकदा वाचलं आणि विचारलं, “तुमचे कोणी?”

मी म्हटलं, “गाव एक आहे.”

भागूने माझ्याकडे पाहिलं.

आता दवाखान्याचं. यंत्राच्या खोलीत सहा खाटा आहेत, भागूची चौथी. तिथल्या मोठ्या सिस्टर म्हणाल्या, एकतीस मार्चपर्यंत त्या जुन्या कार्डावर ओढतील. एक एप्रिलला कार्ड चालू नसेल तर मंगळवार-शुक्रवारची चौथी खाट यादीतल्या पुढच्या माणसाला जाईल. यादीत एक्केचाळीस माणसं आहेत. पुढचा माणूस बावीस वर्षांचा आहे, त्याची आई रोज येऊन दारात बसते. तिच्यावर मला रागावता येत नाही. तुझ्यावर येतं.

म्हणून आता मागते. भागूची नोंद वेगळी आहे एवढं लिहून पाठव. दोन ओळी. हे पत्र पोचपावतीचं आहे.

विमल


१९ फेब्रुवारी २०१५

नागोराव,

पोचपावती परत आली. तिच्यावर तुझीच सही आहे, तेव्हा पत्र मिळालं नाही असं म्हणायची सोय उरली नाही.

मी काल सुलतान बाजारात आपल्या शाळेत गेले होते. इमारत रंगवली आहे. वर्गांत पोरं कमी, मराठी वाचणारी त्याहून कमी. एका पोराने मला फळ्यावरचा सुविचार वाचून दाखवला, तो त्याला पाठ होता म्हणून. एकनाथराव तिथले जुने कारकून, रिटायर होऊनही रोज येऊन बसतात, घरी सुनेला नको म्हणून. त्यांनी कपाटाच्या वरून १९५७ चं दाखल रजिस्टर काढून दिलं. वाळवीने कडा खाल्ल्या आहेत, मधलं शाबूत आहे.

तीन ओळी. विमल नामदेव. भागू नामदेव. नागो नामदेव. जन्मतारीख तिघांची एक. १ जून १९५१.

तू सहा वर्षांचा होतास, तुला आठवत नसेल. मला आठवतं, मी नऊची होते. रजिस्टरात बाप म्हणून लिहिलेले आपले दादा तेव्हा दफ्तरी होते, सरकारी कागद सांभाळणारे. हैदराबाद राज्य मोडलं तेव्हा त्यांच्या ऑफिसातल्या फायलींचे तीन ढीग केले होते, मराठी, कानडी आणि तेलुगू. ढीग बांधायचं काम दादांचं. ते म्हणायचे, आपल्या गावाच्या फायलींचा बस्ता मी माझ्या हाताने बांधला आणि मुंबईच्या गाडीत टाकला. गाव तिकडे गेलं, नोकरी इकडे राहिली. त्याच्या पंधराच दिवस आधी ते नागपूरहून दीक्षा घेऊन आले होते. आल्यावर त्यांनी आईला सांगितलं, पोरं इकडे आण, शाळेत घालायची आहेत. तिन्ही.

मास्तर म्हणाले, वय सांगा. दादा म्हणाले, थोरली पोलीस ॲक्शनच्या आधीची, मधली नंतरची, हा धाकटा. मास्तर म्हणाले, म्हणजे थोरली तिसरीत बसायच्या वयाची आणि तिला ‘अ’ काढता येत नाही. तिघांना तीन इयत्तांत घातलं तर तीन पुस्तकं लागतील. घ्याल? दादांकडे पैसे एकाचेच होते. मग मास्तरांनीच तोड काढली. तिघांना पहिलीत घाला, एक पुस्तक तिघांना पुरेल. एका इयत्तेत घालायचं तर वय एक पाहिजे. म्हणून तारीख एक.

हा खोटेपणा होता, हे मी कबूल करते. असला खोटेपणा मी पाण्याच्या रिपोर्टात कधी केला नसता. पण आपल्या वस्तीत निम्म्या घरांतल्या पोरांची तारीख एक जून आहे, हे तुला माहीत आहे. मला माहीत आहे. माझ्या वर्गात एक जूनचे नऊ जण होते. आपल्या लोकांचे वाढदिवस शाळेच्या दारात ठरले. हे ज्याला माहीत नाही असा माणूस हा नियम लिहील तर मी त्याला अडाणी म्हणेन. तुला काय म्हणू?

संध्याकाळी कंदिलाखाली पुस्तक मधे असायचं. मी एका बाजूला, भागू दुसऱ्या, तुला जागा राहायची नाही, म्हणून तू समोर बसायचास. तू अक्षरं उलटीच शिकलास. मास्तरांनी पुस्तक सरळ धरायला लावलं तेव्हा तुला वाचता येईना आणि तू रडलास. सगळा वर्ग हसला होता. भागू हसली नव्हती. तिने पुस्तक तुझ्यापुढे उलटं फिरवलं होतं.

चौथीत आई आजारी पडली, तेव्हा घरात कोणी राहायचं हा प्रश्न आला. मी थोरली, मी राहायला हवं होतं. मी म्हटलं, माझा पहिला नंबर आहे. तू मुलगा. भागू काही म्हणाली नाही. दुसऱ्या दिवशी पुस्तकावर दोनच डोकी होती. ती पुढे बाळंतपणाच्या दवाखान्यात आया झाली, तीस वर्षं दुसऱ्यांची पोरं हातावर घेतली. नवऱ्याने सोडल्यावर बापाचं नाव लावून परत आली. तू एम.एस्सी. झालास, मी बी.एस्सी. झाले, ते तिच्या चौथीवर. हे मी आजवर कोणाला लिहिलं नव्हतं.

रजिस्टरची नक्कल घेऊन मी साहेबिणीकडे गेले. तिने तिन्ही ओळी वाचल्या आणि कपाळाला हात लावला. म्हणाली, “मॅडम, यात तर संगणकाचंच म्हणणं खरं ठरतं. तारीख खरंच एक आहे. सल्लागारांनी लिहून द्यायलाच पाहिजे.”

नक्कल सोबत जोडली आहे.

विमल


९ मार्च २०१५

नागोराव,

काल मालनचा फोन आला. तो तुझ्या सांगण्यावरून आला हे तिने लपवलं नाही, बिचारीला लपवता येत नाही. मधे मधे फोनवर हात ठेवून ती तुला विचारत होती, हेही ऐकू येत होतं.

“वन्सं, ह्यांचं म्हणणं, तुम्ही ते पेपरातलं पत्र मागं घ्यावं. लेखी. मग हे बघतील.”

“नऊ वर्षांपूर्वीचं?”

“हौ.”

“तो पेपर बंद पडून चार वर्षं झाली, मालन. मागे घेऊन ठेवू कुठे?”

तिला हसू आलं. मग तू काहीतरी बोललास आणि ती गंभीर झाली. “ते म्हणतात, मग मला तरी लिहून द्या.”

ठीक आहे. लेखीच घे.

तेव्हा सरकार म्हणत होतं, साडेचारशे गावांत संगणक बसले, आता दाखले घरबसल्या मिळतात. मी पत्रात लिहिलं, की साडेचारशेपैकी तीनशे दहा गावांत संगणक पोत्याखाली झाकून ठेवले आहेत, कारण तिथे वीजच नाही. ते खरं होतं. चौकशी झाली त्यातही खरं ठरलं. तू त्याच खात्यात होतास, तुझी बढती त्यात अडकली, तू जबाबदार नसताना अडकली, कारण वरच्यांना कोणीतरी हवं होतं. त्या पत्रातला एक शब्दही मी मागे घेत नाही. आज लिहायचं झालं तरी तेच लिहीन.

पण दुसरी एक गोष्ट आहे आणि ती मी नऊ वर्षं गिळली. तीनशे दहा हा आकडा कोणत्याही फायलीत नव्हता. तो तू मला सांगितला होतास. माझ्या घरी, ताटावर, भागूने केलेली वरणफळं खाताना. तू म्हणाला होतास, “आक्का, झोप लागत नाही मला, साडेचारशे म्हणतोय आणि तीनशे दहा झाकलेले आहेत.” तू सल्ला मागत होतास. मी तो आकडा उचलला आणि छापायला दिला, तुला न विचारता. विचारलं असतं तर तू नको म्हणाला असतास, हे माहीत होतं, म्हणूनच विचारलं नाही. तुझ्या वरच्यांना एका मिनिटात कळलं आकडा कुठून आला ते.

ते वाईट केलं. त्याची मी माफी मागते. छापलं त्याची नाही, ज्या ताटावरून उचललं त्याची.

आणि आता हे नीट वाच. ही माफी मी भागूच्या खाटेच्या बदल्यात देत नाही. तू लिहून दिलंस तरी ती आहे, नाही दिलंस तरी आहे. तुझं पत्र आलं तर मी ते माफीची पावती म्हणून घेणार नाही, आणि नाही आलं तर ही माफी परत मागणार नाही. दोन हिशेब वेगळे. तू बहिणीच्या रक्ताचा सौदा मालनकडून फोनवर करायला लावलास, त्याबद्दल तुला काय वाटायला हवं ते तुझं तू ठरव.

भागूला मी तुझी अट सांगितलेली नाही. तिला सांगितलं, नागोचा फोन होता, तब्येत विचारत होता. मी खोटं बोलले. या पत्रव्यवहारात एक जूननंतरचं हे दुसरं खोटं.

बावीस दिवस राहिले.

विमल


२० मार्च २०१५

नागोराव,

आज टपालाने तिसरी नोटीस आली. पाकिटावर पत्ता आपल्या घरचाच होता, म्हणून मी ते फोडलं. नाव तुझं आहे.

‘नोंद क्रमांक ३, नागोराव नामदेव सोनकांबळे, ही नोंद क्रमांक १ ची प्रत असल्याचे आढळून आले.’ बाप एक, तारीख एक, घर नंबर एक. बाहेरगावच्या माणसांची यादी त्यांनी मागाहून चाळली म्हणे, म्हणून उशीर झाला. तुझ्या नियमाने तुला खोडायला काढलं आहे, आणि तेही माझी नक्कल म्हणून.

तू या घराच्या नोंदीत आलास कसा, हे मला कळेना. गेल्या वर्षी मोजणीवाले मास्तर घरी आले तेव्हा मी त्यांना सात प्रश्न विचारले होते. ही माहिती कुठे ठेवणार, कोण वाचणार, चुकली तर दुरुस्त कोण करणार, असे. त्यांना एकाचंही उत्तर देता आलं नाही. मी रागाने आत निघून गेले. उरलेला फॉर्म भागूने भरून दिला. हा माझा अहंकार नडला, तेही लिहून ठेवते.

मी नोटीस घेऊन तिच्यापुढे गेले. ती मेथी निवडत होती.

“भागू, तू नागोचं नाव लिवून दिलंस?”

“हौ.”

“का?”

“मास्तर म्हणला, घरात किती. मी म्हणलं तीन.”

“तो नऊ वर्षं या घरात आलेला नाही.”

“मग? ‘बाहेरगावी’ म्हणून रकाना होता की. रकाना त्यांनीच ठेवला होता. बाहेरगावी असणारं माणूस घरचंच असतं, म्हणूनच ठेवला ना?”

“आणि जन्मतारीख?”

“मला एकच तारीख पाठ आहे आक्का. ती तिघांचीच हाय.”

मग तिने मेथीची जुडी बाजूला ठेवली आणि मला विचारलं, “नागोने अट घातली ना? मालनचा फोन माझ्याबी मोबाईलवर आला होता. तू मला फसवतीस, तो तुला अडवतो. तुम्ही दोघं शिकलेली माणसं. मला चौथीतून काढलं ते बरं केलं.”

याचं उत्तर तू देऊन बघ.

साहेबिणीला मी आजच जाऊन भेटले. आता प्रकरण तीन नोंदींचं झालं, तेव्हा परिपत्रकाप्रमाणे समक्ष सुनावणी लागते. गुरुवार, २६ मार्च, सकाळी अकरा. तिन्ही नोंदींनी ओळखीच्या कागदांसह हजर राहायचं. जी नोंद हजर राहणार नाही ती आपोआप खोडली जाईल, आणि तीनपैकी एक गैरहजर असेल तर बाकीच्यांचा अर्ज निकालात निघेल. हाही नियम तुझाच. मी परिपत्रकाचं दुसरं पान वाचलं.

तू माझ्यासाठी येऊ नकोस. भागूसाठी ये असंही मी म्हणत नाही, तिच्यासाठी यायचं असतं तर दोन ओळी पुरल्या असत्या. तुझ्या यंत्राला मी पहिल्या पत्रात एक बाटली मागितली होती. उत्तर आधी माहीत असलेला नमुना. ती बाटली आता तयार आहे. आपण तिघं. आपण तीन आहोत हे तुला, मला, भागूला माहीत आहे. तुझा नियम एक म्हणतो आहे. शास्त्र शिकलेल्या माणसाने अशा वेळी काय करायचं असतं, ते तुला कोणी फोनवर सांगायची गरज नाही.

हे पत्र स्पीड पोस्टने पाठवते आहे. नोटीस सोबत आहे, ती तुझी आहे.

विमल


२७ मार्च २०१५

नागोराव,

भागूचं आज सकाळचं रक्त धुणं झालं. खाट चौथीच. साहेबिणीने काल तुझ्या समोर हाताने शेरा मारला, त्याची प्रत मी सिस्टरांना दिली, त्यांनी ती फायलीला टाचली. संगणकात यायला महिना लागेल म्हणतात. तोवर तो कागद चालेल. एकतीस तारखेची धास्ती संपली.

काल तू माझ्याशी बोलला नाहीस, मीही बोलले नाही. जिन्यावर भागूचा हात तू एका बाजूने धरलास, मी दुसऱ्या बाजूने, आणि दोघं तिच्याशीच बोलत राहिलो. ती म्हणाली, “बरं झालं, मला दोन काठ्या मिळाल्या.” गुडघा तुझाही गेलेला आहे. जिना उतरताना पाहिलं. डॉक्टरला दाखव.

तू कागदावर काय लिहिलंस ते मी वाचलं आहे. ‘नियम चुकीचा आहे. ही तीन वेगळी माणसे आहेत. त्यांपैकी एक मी.’ खाली सही. बाबूने ते दोनदा वाचलं आणि तुला विचारलं, “सर, आपीच का सिस्टम है ना ये?” तू हो म्हणालास. तिथे पंधरा-वीस माणसं होती. त्यांच्यासमोर हो म्हणालास, ते मी ऐकलं.

त्याबद्दल मी आभार मानणार नाही. ते तुझं काम होतं. आणि ते झालेलंही नाही. एक लाख त्र्याऐंशी हजारांतून काल एकच कमी झाली, भागू; तू तर मागाहून आलेला. एक लाख ब्याऐंशी हजार नऊशे नव्व्याण्णव उरले. त्यांच्यात एक जूनचे किती आहेत ते काढ. ज्यांचा भाऊ सल्लागार नाही त्यांच्या खाटा कितव्या आहेत, तेही काढ. पंधरा दिवसांत काढलं नाहीस तर मी पेपरात लिहीन. या वेळी आधी कळवते आहे, एवढाच फरक. तुझं कालचं वाक्यही छापेन. ते तू ताटावर बोललेला नाहीस, सरकारी कागदावर लिहिलं आहेस.

मालनला म्हणावं, वन्संनी वरणफळं करायला ठेवली आहेत. करणार भागू आहे, तिच्या पथ्याची वेगळी. येणं न येणं तुझ्यावर. ‘बाहेरगावी’ रकाना अजून भरलेलाच आहे.

एक गोष्ट तुझ्या लक्षात आली नसेल, म्हणून लिहिते. साहेबिणीने नोटीस स्वतःकडे तोंड करून टेबलावर ठेवली होती. आपण तिघं तिच्या समोर. ती कागद फिरवून तुझ्यापुढे सरकवणार, तोवर तू समोरून, उलटा कागद, पहिल्या ओळीपासून वाचायला लागला होतास. सबंध वाचलास. एकदाही अडखळला नाहीस. तिचा हात कागदावर तसाच राहिला.

भागू तिला म्हणाली, “इने सीधा पढना बाद में सीखा.”

विमल